कवडूची ब्लाइंड

खापरखेड्याचा फिटर डोमाजी भारी हट्टी. तीन पत्तीत पानं टाकून पॅक म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. दोस्त कवडू वारला, तरी रविवारी दुपारी त्याच्याच घरी डाव बसायचा, अन् त्याचीही पानं वाटली जायची. ती पानं न पाहताच, ब्लाइंड, त्याची बायको जिजाबाई त्यांवर चिंचोके लावायची. मेल्यापासून कवडू एकदाही हरला नव्हता.

आज डोमाजीकडे तीन राजे आले; त्यांच्या वर फक्त तीन एक्के. बाकीचे पॅक करून ओट्यावर बिड्या ओढायला गेले.

“वहिनी, शो मागतो.”

“ब्लाइंडले शो मागता येत नाही, भाऊजी. त्यायले पानं पाहू द्या, मंग मागा,” म्हणत ती चहा ठेवायला आत गेली.

“मंग पाय ना गा, कवडू!” डोमाजी खेकसला.

वारा नव्हता. समोरच्या पानांचे कोपरे सावकाश वर उचलले गेले, परत टेकले. मग एक चिंचोका पुढं सरकला.

आता शो मागता आला असता. डोमाजीनं तिन्ही राजे पालथे टाकले.

“पॅक, बाप्पा.”