बीडमध्ये कुणी बीडकर नसतो

भानुदास बप्पांची आणि माझी ओळख कड्याला एका लग्नाच्या पंगतीत झाली. माझ्या पत्रावळीवर भात पडायच्या आत शेजारच्या उंच, वाळक्या माणसानं विचारलं, "देवक कंचं तुमचं?" पाऊसपाणी, पिकं, पोरं काय करतात, असलं काही नाही. थेट देवक. मी बीडच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुणाकुणाच्या वंशावळी मला तोंडपाठ आहेत, फक्त त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. माहीत नाही म्हणून सांगितलं, तर बप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"मंग लगीन कसं झालं तुमचं?"

"रीतसर झालं."

"देवक ठाऊक न्हाई अन् रीतसर? कुणाच्या भरवशावर?"

जेवणं झाल्यावर हा माणूस मला हाताला धरून बायकांच्या घोळक्यापर्यंत घेऊन गेला आणि माझ्या बायकोला त्यानं तोच प्रश्न विचारला. तिनं देवक सांगितलं, कुलदैवत सांगितलं, माझ्या पणजीचं माहेर सांगितलं, आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की मला पदवी परत करावीशी वाटली. बप्पा म्हणाले, "बगा. बाप्याला मान आठवतो, बाईला माहेर. कूळ काढायचं तर मानाच्या मागं न्हाई लागायचं, माहेराच्या मागं लागायचं."

हीच बप्पांची पद्धत होती. शिरूर कासारजवळच्या खेड्यात राहायचे. मोबाइलवर त्यांनी 'आपली माणसं' नावाचा एक ग्रुप काढला होता. जिल्ह्यातून दर साली माणसं ऊसतोडीला जातात. बहुतेक परत येतात, काही तिकडेच राहतात, आणि दोन पिढ्यांत नातवंडांना गाव आठवत नाही. मग घरात कुणी आजारी पडलं, कुणी म्हणालं की कुलदैवताचं राहिलंय, की हे लोक ग्रुपवर विचारत: आमचं आडनाव अमुक, आजी तमुक नदीचं नाव घ्यायची, कुणाला काही माहिती? बप्पा लिहून उत्तर देत नसत, बोलून पाठवत. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या गड्याला हाक मारावी त्या आवाजात. मधेच म्हैस ओरडे, तिलाही ते दोन शब्द बोलत, आणि तेही ग्रुपवर येत.

"माणूस आभाळातून पडत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पडला आसंल तर खड्डा दाखवा." कुणीच कुणाचा नाही ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. बीडच्या चौकात एका पोलिसानं आमची गाडी अडवली, तर त्यानं पावती फाडायच्या आत बप्पांनी त्याला साडूच्या चुलतभावाचा व्याही ठरवलं. पोलिसानं पावती फाडलीच, पण उन्हात उभं केल्याबद्दल चहा पाजला. बप्पा म्हणाले, "नातं हुतं म्हणून चहा. जवळचं आसतं तर पावतीबी न्हवती."

हा उद्योग कावून करता, म्हणजे कशासाठी, असं मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं. माझी बोली ऐकून ते पोटभर हसले. मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ अर्जुन. लग्न व्हायच्या आधीच टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेला होता. इकडे आई वारली. तेव्हा फोन नव्हते. तिकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याजवळ बप्पांनी खबर दिली, आणि ती अर्जुनला पोचली तेव्हा आईचा दहावा होऊन गेला होता. तो आला, अंगणात उभा राहिला, पाण्याला शिवला नाही. "माज्या आईचं तोंड दावलं न्हाई मला. ह्या गावाचं नाव म्या पुन्हा घ्यायचा न्हाई," एवढं बोलून गेला. पुढच्या सालाला बप्पा कारखान्या-कारखान्यावर खोपट्यांतून विचारत फिरले. तो सापडला नाही.

"बाकीच्यांची नाती म्या जाता जाता सोडवितो, मास्तर," बप्पा म्हणाले. "माजी वाट एकच हाय. त्याला यकदा सांगायचंय, म्या खबर धाडली हुती. उशीर माजा न्हवता." मी ऐकून घेतलं. लगेच माझा विषय काढला. हा माझा जुना स्वभाव आहे.

माझा विषय म्हणजे सरदार. आमच्या चकलांब्याच्या घराण्यात कुणी तरी सरदार होऊन गेला, असं मला तरुणपणापासून वाटत आलं होतं. पुरावा काही नव्हता. इतिहासाच्या माणसाला स्वतःपुरता पुरावा लागत नाही. बीडच्या बाजारातून एक तलवार आणून मी दिवाणखान्यात टांगलीही होती, आणि पाहुण्यांनी विचारलं की "आहे थोडं जुनं" असं म्हणून गप्प बसत असे. ग्रुपवर टाकायला मी मजकूर केला: 'चकलांबा येथील सरदार घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी माहिती हवी.' बप्पांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सरदार काढा, भूक घाला. माणूस भुकंनं गाव सोडतो, तलवारीनं न्हाई."

पुढच्या महिन्यात त्यांनी मला चार गावांतल्या म्हाताऱ्यांपुढे बसवलं. म्हणजे म्हाताऱ्या बायकांपुढे. शेवटी माझ्या पणजीच्या माहेरच्या एका आजीबाईनं डोळे बारीक करून मला न्याहाळलं आणि ओळख पटल्याच्या आनंदात ती म्हणाली, "आगं बया, हा तर मोटंवरच्या घरजावयाचा!" आमचा मूळ पुरुष चकलांब्याला घरजावई म्हणून आला होता आणि सासऱ्याची मोट हाकत होता. आम्ही परत निघालो. बप्पा समजूत घालत होते, "लाजता कावून? मोट हाकणं काय सोपं हाय व्हय? बैल मागं चालवावं लागत्यात."

घरी बायकोला सांगितलं. ती इतकी प्रसन्न मी लग्नातही पाहिली नव्हती. "म्हणजे घराणं आमच्यासारखीनंच उभं केलंय," असं म्हणून तिनं तलवार उतरवली आणि त्या खिळ्याला कॅलेंडर लावलं. तरी मी बप्पांचा पिच्छा सोडला नाही, उलट त्यांच्या ग्रुपचं लिहिण्याचं काम अंगावर घेतलं. सरदार नाही तर नाही, निदान दप्तरदार तरी.

त्या ग्रुपवर एक दिवस प्रश्न आला. 'मी रेखा. आमचं आडनाव बीडकर. आजोबा फार आजारी आहेत, त्यांची वाचा गेली आहे. आमचं मूळ गाव कुणी सांगू शकेल का?' बस, एवढंच. बप्पांनी लगेच बोलून पाठवलं: "ताई, आमच्याकडं कुणी बीडकर नसतंय बगा. बीडात ऱ्हाणाऱ्याला कोण बीडकर म्हणंल? शहरातलं जुनं वकील-डॉक्टर लोक पुन्याला, हैदराबादंला गेलं, त्येंचं हे आडनाव. आपल्यातलं न्हाई. तिकडं इचारा." उत्तर इतकं ठासून दिलेलं होतं की मी त्यावर अंगठा दिला. रेखाताईंनी 'बरं, आभारी आहे' लिहिलं आणि त्या गप्प राहिल्या. ग्रुप मात्र त्यांनी सोडला नाही.

दीडएक वर्ष गेलं. पितृपंधरवड्यात बप्पांनी मला पितर म्हणून जेवायला बोलावलं. पितराचा पाहुणा म्हणजे त्या दिवशी त्या घरचा पूर्वजच, त्याला आग्रहानं वाढतात. मी खिरीच्या अपेक्षेनं बसलो तर समोर आली वाटीभर हुलग्याचं माडगं. काळपट, पातळ, तिखट. मी चाचपडत विचारलं, "खीर?"

"आदी माडगं, मंग खीर," बप्पा म्हणाले. "आमच्या आईनं पाडल्याली रीत हाय. दुष्काळात तिनं आमा दोगा भावांला हुलग्याव जगविलं. म्हणायची, पितरालाबी कळू द्या, आपुन काय खाऊन वर आलो. साऱ्या गावात आमच्याच घरी हाय ही रीत. लोक हसत्यात."

मीही मनात हसत होतो. माडगं टाळायचं म्हणून मोबाइल काढला. पितराच्या पानावर बसून मोबाइल बघणारा पूर्वज मी पहिलाच असेन. ग्रुपवर रेखाताईंचा नवा प्रश्न होता. बप्पांची थट्टा करावी म्हणून मी तो मोठ्यानं वाचला. "बप्पा, तुमच्यासारखे आणखी एक शहाणे निघाले बघा! लिहिलंय, 'आमच्या घरी पितराला खिरीच्या आधी हुलग्याचं माडगं वाढतात. इकडे सगळे हसतात. ही कुठली पद्धत, कुणी सांगेल का?'"

बप्पांच्या हातातली पळी तशीच राहिली. "कोन ती?"

"ती बीडकर. पूर्वी विचारलं होतं तिनं..."

"फोन लाव."

मी फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडे कोल्हापूरकडची ठसकेबाज बोली. बप्पांनी देवक विचारलं नाही, कुलदैवत विचारलं नाही. म्हणाले, "बाई, तुजा आज्जा तिकडं कशापायी आलता?"

"ऊसतोडीला आल्तं की. सगळी त्यास्नी बीडवालं म्हणायची. बाबास्नी शाळंत घाटलं तवा मास्तरनं बीडकरच लिवलं."

"नाव काय आज्जाचं?"

"अर्जुन."

"गावाचं नाव कदी घेतलं न्हाई त्यानं?"

"कद्धीच न्हाई. आज्जी हिकडचीच, इचारून थकली."

बप्पांनी जमिनीला हात टेकला. "हाय का गं तो?"

"गेलं. म्या ग्रुपवर पयल्यांदा इचारलं न्हवं, त्याच्या फुडच्या म्हयन्यात."

बप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते परसदारी गेले. नळाखाली बसून त्यांनी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. ओलेच परत आले. मला काही तरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी विचारलं, "बप्पा, सुतक?"

"वरीस उलाटल्यावर ऐकलं की अंगुळीनं फिटतंय." ते भिंतीला टेकून बसले. अंगातून पाणी निथळत होतं. "फिटलं बगा, मास्तर. त्याला म्या उशिरा कळविलं, मला त्यानं. अन् त्येनं तर इचारलं हुतं. नातीच्या तोंडून इचारलं हुतं. म्याच म्हणलो, आपल्यातला न्हाईस." मग सुनेला म्हणाले, "अर्जुनाचं पान वाढ." ते पान त्यांनी स्वतःसमोर घेतलं आणि कितीतरी वेळ त्याकडे नुसतं बघत राहिले. मी माझी वाटी तळापर्यंत पिऊन टाकली. मला रडू येत होतं आणि माडगं तिखट आहे ही सबब फार सोयीची होती.

दुसऱ्या दिवशी बप्पांनी ग्रुपवर बोलून पाठवलं. म्हैस त्या दिवशी गप्प होती. "राम राम. ज्यांला ज्यांला म्या 'आपल्यातलं न्हाई' म्हणलो आसंल, त्येनी परत इचारा. बीडात कुणी बीडकर नसतंय हे खरंय. पन बाहीर गेल्याव आपुन सगळेच बीडकर हाव, हे माज्या ध्यानात आलं न्हाई. परत इचारा. फकस्त सरदारवाल्यांनी नगं." शेवटचं वाक्य कुणासाठी ते सगळ्या ग्रुपला कळलं. जुन्या प्रश्नांचा असा लोंढा आला की दप्तरदाराच्या डोळ्यांचा नंबर वाढला.

दिवाळीत रेखा आली, मुलाबाळांसह. बप्पांनी तिला आईच्या दहनाची जागा दाखवली, ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. ज्याला सांगायची तो राहिला नव्हता, म्हणून तिला तीनतीनदा सांगितली. ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. ती निघाली तेव्हा बप्पांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "म्या गेलो की पयला फोन रेखाला. गावाला मागनं. अन् ती आल्याबिगर मला हलवायचं न्हाई. कोन काय म्हणू द्या."

ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी, चहा पिता पिता बप्पा गेले. सुनेनं मला कळवलं, मी रेखाला. श्रद्धांजलीच्या सभा गाजवलेला माणूस मी, पण फोनवर "रेखाताई, निघा" एवढंच जमलं. ती म्हणाली, "निगालो."

तिकडून यायचं म्हणजे दिवस मोडणार. दुपारी ऊन असं होतं की मांडवाखालीही बसवेना. जाणती माणसं कुजबुजू लागली. त्यात सगळ्यांत थोरले होते ते काठी आपटत म्हणाले, "उन्हाचं दिस हायेत. मयत किती येळ ठेवता? दिस मावळायच्या आत उरका." बप्पांचा मुलगाही डळमळायला लागला. तेव्हा मी उठलो आणि मला आयुष्यात जे एकच काम येतं ते केलं. बोलायला लागलो. बप्पांनी कुणाचं कूळ कसं काढलं ते एकेक सांगत सुटलो, आणि जो उठून काही म्हणेल त्याच्या घराण्यावर येत गेलो. स्वतःच्या पणजोबाचं नाव निघाल्यावर मधून उठून जाणारा माणूस अजून आमच्या जिल्ह्यात जन्मायचाय. माझं घरजावयाचं प्रकरणही मी मोटेसकट सांगितलं. बायका पदराआड हसल्या. घसा बसला तरी मी थांबलो नाही.

दिवस कलला तेव्हा जीप आली. रेखा उतरली ती धावतच आत गेली. उशाशी बसून तिनं बप्पांच्या तोंडात पाणी घातलं आणि कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "थोरलं आज्जा, आलो बगा मी. येळंत आलो न्हवं?"

मग ते काठीवाले म्हातारे उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आलीस बाई. येळंत आलीस."

त्यानंतर आम्ही बप्पांना उचललं.