मामांचा पाय आणि पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई

सांगलीहून निघताना मी तिकिटं, नकाशे, पैसे सगळं फोनमध्ये भरून घेतलं होतं. नागपुरात उतरले आणि मेट्रोच्या फाटकातच अडकले. फोन तीनदा दाखवला तरी फाटक ढिम्म. मागे भाजीची टोपली घेतलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "स्क्रीनचा उजेड वाढवा न ताई, त्याले दिसून नाही राहिलं." वाढवला, तर उघडलं.

कामठी रोडवरच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर रामटेकची एसटी मिळाली. कन्हान नदी ओलांडली, तसं दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं धान (आपण भात म्हणतो ते पीक) सुरू झालं. रामटेकच्या अलीकडे माझ्या मामांचं गाव. अंगणात पाऊल ठेवताच मामा वाकून माझ्या पाया पडले. इकडे भाचीला देवीचा मान असतो, आणि दर वेळी मी संकोचून दोन पावलं मागे सरते.

पुढचे चार दिवस नुसतं खाणं चाललं होतं. गोळाभात (भातातच शिजवलेले डाळीचे गोळे, वरून कढत फोडणी) मी तीनदा मागून घेतला. समोर मामा जेवायला बसत ते लोकरीचे मोजे घालून, तेही ऑक्टोबरच्या उन्हात. "सिमल्याला निघालात का मामा?" असं मी रोज विचारायची. ते रोज हसायचे.

पाचव्या दिवशी मामीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आठ दिवस झाले, हे झोपतानाबी मोजे घालून राहिले. साखर हाये त्याइले. नागपूरले चला म्हटलं तं कापणी होऊ दे म्हणतात. गावच्या दवाखान्यात कम्प्युटरवर नागपूरची डॉक्टर दिसते म्हणे. तू म्हणशीन तं येतीन."

भाचीचा शब्द मोडवेना, म्हणून मामा तयार झाले. धुतलेलं धोतर नेसले, खांद्यावर नवा दुपट्टा (उपरणं) टाकला. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

दवाखान्यात रेंज फक्त एका खिडकीत येत असल्याने लॅपटॉप बाळांच्या वजनकाट्यावर बसवलेला होता. सिस्टरने मामांचा मोजा उतरवला. करंगळी काळी पडली होती आणि शेजारी जखम चिघळली होती. तेवढ्यात पडद्यावर नागपूरच्या डॉक्टरीणबाई आल्या. मामांनी हात जोडले.

"रामराम बाई. जेवण झालं का?"

"झालं आजोबा. पाय जरा कॅमेऱ्यासमोर धरा."

"थे नाही होणार."

"काहून?" सिस्टरने विचारलं.

"लेकीच्या वयाची, शिकेल पोरगी समोर बसून राहिली. तिच्या तोंडाले पाय दाखवू का वं मी?"

सिस्टरने समजावलं, मी चिडले, रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मामांची बाजू घेतली. बाईंना डोळे मिटायला सांगू, असंही मी सुचवलं. "मंग थे पाहीन कशी?" मामांनी मलाच विचारलं.

शेवटी वाट मामांनीच काढली. त्यांनी दुपट्टा उतरवला, घडी घातली आणि अलगद पडद्यावर टाकला, वरचा कॅमेऱ्याचा ठिपका तेवढा मोकळा सोडून. बाईंचा चेहरा झाकला गेला. मग मामांनी पाय उचलला आणि म्हणाले, "माफ करजा बाई."

दुपट्ट्याआडून आवाज आला. "दिसलं आजोबा. कापणी राहू द्या, आत्ता निघा. अजून थांबलात तर अख्खा पाय जाईल."

संध्याकाळच्या आत आम्ही नागपूरच्या दवाखान्यात होतो. मामांचे कागद त्या लॅपटॉपवरून आमच्या आधीच पोचले होते. खाट तयार होती, कुठल्या खिडकीपुढे उभं राहावं लागलं नाही. करंगळी गेली. पाय राहिला.

हे मी परतीच्या गाडीत लिहिते आहे. वजनकाट्यावरच्या त्या लॅपटॉपचं कौतुक मी भेटेल त्याला धरून सांगणार आहे, सांगलीकरांनी तयारीत राहावं. पण सांगताना थोडी लाजही वाटणार आहे. चार दिवस मी मामांच्या समोर बसून जेवले आणि त्यांच्या मोज्यांवर विनोद केले. पाय दाखवा, असं त्यांना म्हणाली ती नागपुरात बसलेली, कधी न भेटलेली एक मुलगी. मी म्हटलं नव्हतं.