जामबाग, चौथा क्रमांक

माणिकराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत पावसाचे आकडे जुळवत होतो. फोन साहेबांच्या खोलीत असतो. शिपाई बोलवायला आला, मी आत गेलो, आणि माणिकरावच्या शेजाऱ्यांचा आवाज ऐकला. ते म्हणाले, "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर द्यायच्या आत..." मी बरं म्हणालो. परत येऊन टेबलाशी बसलो आणि अर्धवट राहिलेली बेरीज पूर्ण केली. का केली ते सांगता येणार नाही. ती बेरीज चुकली होती, हे दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने दाखवलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माणिकराव पंचवीस वर्षं जामबागेत राहिला, तिथल्याच शाळेत गणित आणि व्यायाम हे दोन विषय शिकवत राहिला. त्याचं मूळ गाव परभणीकडचं. घरची शेती भावांकडे सोपवून तो शिकायला हैदराबादला आला आणि इथलाच झाला. मी शहरातल्याच हिमायतनगर मोहल्ल्यातला. आमची ओळख बास्केटबॉलमुळे झाली, आणि मी आयुष्यात एकदाही चेंडू कड्यात टाकलेला नाही. तो जामबागच्या संघाचा कप्तान होता. मी मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणारा. कुणी किती गुण केले, किती दिले, कोणता खेळाडू उत्तरार्धात दमतो, हे मी लिहून ठेवत असे. पहिल्यांदा तो माझ्याकडे आला तो घाम पुसतच. म्हणाला, "पावसाच्या खात्यात आहेस म्हणे. मग सांग, उद्या आमच्यावर किती पडणार?" मी वही पाहून सांगितलं, "नऊ गुणांनी हराल." ते आठ गुणांनी हरले. त्या दिवसापासून मी त्याचा 'हिसाबनीस' झालो.

कोठी मोहल्ल्यात एका इराणी हॉटेलच्या मागच्या भिंतीवर आम्ही दर शुक्रवारी एक कागद लावायचो. मोहल्ल्यांच्या सहा संघांची क्रमवारी, आणि बाद फेरीत कोणाशी कोणाची गाठ पडेल याचा अंदाज. कागदाच्या उजव्या अंगाला माझी क्रमवारी, डाव्या अंगाला त्याची. मी आकड्यांवरून ठरवायचो, तो खेळाडूंचे पाय बघून. "चेंडू हातात असला तरी खेळ पायात असतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोन हंगामांत माझे चौदा अंदाज बरोबर आले आणि त्याचे अकरा. हे मी त्याला ऐकवलं की तो म्हणायचा, "तुझे चौदा कोरडे आहेत रे, एकदा तरी भिजून बघ." लोक चहाचा कप घेऊन त्या कागदापुढे भांडायचे. कोठीवाले तर म्हणायचे की हिमायतनगरचा माणूस हिमायतनगरला पहिला नंबर देणारच. मी त्यांना वही उघडून दाखवायचो. ते वही बघायचे नाहीत, मला बघून हसायचे. पण त्या वहीमुळेच पुढे स्पर्धेच्या मंडळींनी गुणतक्त्याचं काम माझ्याकडे दिलं. हा माणूस कुणाचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला जे सांगायचं आहे ते पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यातलं. त्याच्या आधीचं वर्ष शहराने कसं काढलं, ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. माणिकराव त्या वर्षी घरच्यांना घेऊन चार महिने सोलापूरला नातेवाइकांकडे जाऊन राहिला होता. त्या चार महिन्यांत त्याच्या घराची किल्ली गौसकडे होती. गौस जामबागच्या संघातला सगळ्यात उंच गडी, माणिकरावच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. तो दर दोन दिवसांनी जाऊन दार उघडायचा, तुळशीला पाणी घालायचा, संध्याकाळी ओसरीवर दिवा लावून बसायचा, म्हणजे घर रिकामं आहे असं कुणाला वाटू नये. माणिकराव परत आला तेव्हा घरातली एक वाटीसुद्धा हललेली नव्हती. हे मला माणिकरावनेच सांगितलं होतं. सांगताना त्याचे डोळे भरले होते.

सगळं निवळल्यावर स्पर्धा पुन्हा भरली. संघ सहाच होते, पण चेहरे बदलले होते. कुणी परत आलं नव्हतं, कुणी जाण्याच्या तयारीत होतं. प्रत्येक संघाचे पाच सामने, आणि पहिले चार बाद फेरीत. पहिल्याची गाठ चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. पहिले तीन नंबर लवकर ठरले. चौथ्यासाठी जामबाग आणि कोठी यांच्यात चुरस राहिली. चादरघाटच्या संघाला शेवटच्या सामन्यात पाच माणसंही उभी करता आली नाहीत. तिघे शहर सोडून गेले होते. त्यामुळे कोठीला तो सामना न खेळताच मिळाला. जामबागचा शेवटचा सामना मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत रंगला. जामबाग एका गुणाने मागे होतं, आणि गौसला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला कड्यावर आपटून बाहेर गेला. दुसरा कड्याला लागलाही नाही.

जामबाग आणि कोठी दोघांचेही दोन-दोन विजय झाले. अशा वेळी घेतलेले गुण भागिले दिलेले गुण, अशी सरासरी काढायची. मी काढली. कोठीची जास्त आली. शुक्रवारी संध्याकाळी तक्ता हॉटेलच्या भिंतीवर लावला. कोठी चौथी, जामबाग पाचवं. माणिकराव बराच वेळ कागदापुढे उभा होता. मग मला म्हणाला, "बरोबर आहे ना?"

"तीन वेळा तपासलंय," मी म्हणालो.

गौस मागेच टेबलाशी बसला होता. त्याचे मोठे भाऊ कराचीला जाण्याचं बोलत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गौस स्वतः काही बोलत नव्हता. माणिकराव त्याच्याकडे वळला आणि भरल्या हॉटेलात म्हणाला, "जिसको जाना है, उसका हाथ ऐसाच काँपता."

गौसने कप बशीत ठेवला. "हौ माणिक, काँपा," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. माणिकरावच्या तोंडून ते कसं गेलं, ते त्यालाही त्या क्षणी कळलं नसावं. पण तो गौसच्या मागे गेला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ, असं म्हणाला. मग पुढच्या आठवड्यात. मग दोघे रस्त्याच्या दोन बाजूंनी चालू लागले.

पावसाळ्यात गौसचं कुटुंब मुंबईमार्गे कराचीला निघालं. निघण्याच्या दोन दिवस आधी तो माझ्या कचेरीत आला. उभ्यानेच बोलला. इकडची तिकडची विचारपूस झाली, आणि जाता जाता त्याने विचारलं, "हिसाब में और कुछ नहीं था ना? बस मेरे दो थ्रो?"

मी म्हणालो, "बस दो थ्रो."

तो हसला, माझा हात हातात घेतला, आणि गेला. माणिकरावकडे गेला नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी पुढच्या स्पर्धेची तयारी सुरू झाली. नव्या माणसाला काम समजावून द्यायचं म्हणून मी आदल्या वर्षीचे नियम काढले. उर्दूत छापलेला एकच कागद. त्यात लिहिलं होतं की न खेळता मिळालेल्या सामन्याचा विजय धरावा, गुण धरू नयेत. त्याच्या आधीच्या वर्षापर्यंत अशा सामन्याचे वीस-शून्य धरायची पद्धत होती. मी त्याच पद्धतीने धरले होते. बेरीज तीन वेळा तपासली होती. नियम एकदाही वाचला नव्हता. मला तो पाठ आहे, असं मी समजून चाललो होतो.

मी पुन्हा हिशेब केला. जामबागचे एकशे छप्पन्न भागिले एकशे साठ. कोठीचे ते वीस काढून टाकले तर एकशे अठरा भागिले एकशे बावीस. जामबाग पुढे होतं. एका शतांशाहूनही कमी फरकाने, पण पुढे होतं. गौसचे दोन्ही थ्रो चुकूनही जामबाग चौथं होतं, आणि पहिल्या आलेल्या हिमायतनगरशी खेळणार होतं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. स्पर्धा होऊन गेली, गौस निघून गेला, आता सांगून कुणाचं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण एवढंच होतं की मला लाज वाटत होती. एक वर्ष झालं, दोन झाली. माणिकराव दर रविवारी घरी येत होता, माझ्या बायकोच्या हातची आंबट वरण-भाकरी खात होता, आणि मी गप्प होतो. बायकोला मी सांगितलं होतं. ती दर रविवारी तो गेल्यावर म्हणायची, "आजही नाही ना सांगितलंत?"

पुढे राज्याचे तीन तुकडे झाले. कचेऱ्यांची वाटणी झाली, मराठी माणसं औरंगाबादला आणि मुंबईला गेली, कानडी मंडळी म्हैसूरकडे. मोहल्ल्यांचे संघ आपोआप मोडले आणि स्पर्धा बंद पडली. माणिकराव मागे राहिला, मीही. एका रविवारी तो म्हणाला, "हिसाबनीस, आता नवीन काही होणार नाही. सगळ्या वर्षांच्या सगळ्या संघांची एक शेवटची क्रमवारी लावू आणि दुकान बंद करू." आम्ही कागद घेऊन बसलो. पहिले पाच-सहा नंबर वाद न होता लागले, हेच नवल. मग त्या हिवाळ्यातल्या जामबागची पाळी आली. मी म्हणालो, "सातवा." तो म्हणाला, "नको. शेवटी टाक. गौसनं हातानं घालवलेला संघ तो."

मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्याने नियमांचा कागद मागितला. वाचला. मग माझ्या मुलीची पाटी ओढून घेतली आणि दोन्ही भागाकार स्वतः केले, शाळेत फळ्यावर करतात तसे, एकेक पायरी लिहून. पुसले आणि पुन्हा केले. मग म्हणाला, "तुझी चूक एका ओळीची आहे रे. मी जे बोललो ते कुठल्या ओळीत घालतोस?"

आणि उठून गेला. दोन महिने आला नाही. ते दोन महिने मला मोजून आठवतात, नऊ रविवार. दहाव्या रविवारी दारात उभा राहिला, आत न येताच म्हणाला, "कागद घे. बरोबर तक्ता उर्दूत लिही. खाली तुझी सही. गौसला पाठवायचाय."

तेव्हापासून आम्ही तो तक्ता सात वेळा पाठवला. गौसचा पत्ता आमच्याकडे नव्हता. कुणी कराचीला जाऊन आलं, कुणाचा पाहुणा आला, की माणिकराव जाऊन विचारायचा. पत्ता मिळाला की माझ्याकडे यायचा. मी तक्ता उतरवून सही करायचो, आणि खाली तो स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायचा : "गौस, तेरा हाथ नहीं काँपा था." पहिल्या वेळी मी म्हणालो, "माणिक, थ्रो दोन्ही चुकले होते, हे तर खरं आहे." तो म्हणाला, "तू तुझी सही कर. ही ओळ माझी आहे." चार पाकिटं परत आली. दोन पाकिटांचं काही कळलं नाही. एकाला उत्तर आलं, ते कुणा दुसऱ्याच गौसचं, तिथल्या एका शाळेतल्या मास्तरांचं. त्यांनी अदबीने कळवलं होतं की आपण ते नव्हेत, आपण कधी बास्केटबॉल खेळलो नाही, पण भागाकार करून पाहिला, तो बरोबर आहे, जामबागच चौथं. माणिकराव त्या दिवशी खूप हसला. ते कार्ड त्याने घरी नेलं. मध्ये युद्धामुळे टपाल बंद पडलं, तेव्हाही तो पत्ते गोळा करतच होता.

मी त्याला शेवटचा भेटलो तो जाण्याच्या अकरा दिवस आधी. छातीचं दुखणं जुनंच होतं, पण त्या दिवशी तो बरा वाटत होता. उशीखालून एक चिठ्ठी काढून दिली. "आठवा पत्ता. ह्या वेळी पक्का आहे, त्याच्या मामेबहिणीनं दिलाय. तक्ता करून आण, मी ओळ लिहितो." मी म्हणालो, या आठवड्यात जिल्ह्यांचे आकडे पाठवायचे आहेत, पुढच्या आठवड्यात आणतो. तो म्हणाला, "बरं. तुझा पाऊस आधी पडू दे." पुढचा आठवडा गेला. काम होतं, हे खरं आहे. पण त्या आठवड्यात मी दोन संध्याकाळी नुसता घरी बसून होतो, हेही खरं आहे.

त्याचे दिवस झाल्यावर मी तक्ता लिहायला बसलो. घरात कुणी नव्हतं, बायको मुलीकडे गेली होती. इतक्या वेळा उतरवलेला तक्ता, वही न बघताही लिहिता आला असता, पण मी नियमांचा कागद समोर ठेवला आणि बघून लिहिला. सही केली. खालची माणिकची ओळ या वेळी माझ्याच हाताने लिहिली. वाद घालायला समोर कुणी नव्हतं. त्याच्याखाली माझ्या आणखी दोन ओळी घातल्या : माणिक गेला, आणि ज्या दिवशी तू कचेरीत विचारलंस त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. मग उत्तरासाठी पत्ता लिहायचा होता, तर हात सवयीने जामबाग लिहून गेला. माणिकरावचं घर, गल्ली, सगळं. मी ते खोडलं आणि वर हिमायतनगरचा माझा पत्ता लिहिला. खाडाखोड असलेला कागद मी कधी कचेरीतून बाहेर जाऊ दिलेला नाही. नवा कागद घ्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. मारलेल्या रेघेखालचा जामबागचा पत्ता नीट वाचता येत होता. पाकीट बंद केलं आणि टपालपेटीत टाकून आलो.