खाली अजून हिरवं आहे

कर्णिक मॅडम विद्यार्थ्याला प्रश्न विचारत नसत, नखाने खरवडत. डहाणूच्या आमच्या महाविद्यालयात त्या पेशीशास्त्र शिकवीत, आणि उत्तर कितीही नेमकं आलं तरी मान हलवून म्हणत, "खाली अजून हिरवं आहे." हे वाक्य त्यांनी आमच्याच चिकूच्या वाड्यांतून, म्हणजे बागांतून, उचललं होतं. चिकू तोडण्याआधी साल नखाने खरवडून पाहतात. खाली हिरवी छटा दिसली तर फळ झाडावरच राहू देतात.

कोरड्या पाटीवर खडू ओढावा तसा त्यांचा आवाज. त्या आवाजात त्यांनी शिकवलेलं पेशीचक्र मात्र देखणं होतं, हे नाइलाजाने लिहिते. पेशी दुभंगण्याच्या कितीतरी आधी एक प्रथिन प्रतिलेखन घटकाला मिठीत आवळून बसतं. वाढीचे इशारे येत राहिले की त्या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, मिठी सुटते, आणि मोकळा झालेला घटक डीएनएची प्रत काढणाऱ्या जनुकांना जागं करतो. मॅडमना यातली फक्त मिठी प्रिय होती.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी दरवर्षी आमच्यातला एक विद्यार्थी जाऊ शकत असे. निवड मॅडमची, त्यांनी कधी कोणाला पाठवलं नव्हतं. माझ्या बाबांची चिखले गावात चिकूची वाडी होती, आणि मला मुंबईला जायचं होतं. पुढचं सारं शिक्षण मला त्याच दारातून दिसत होतं. विचारायला गेले तेव्हा कांद्याच्या मुळांवर ओतलेल्या रंगाचा आंबूस दर्प प्रात्यक्षिकाच्या खोलीभर होता. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता त्या म्हणाल्या, "चिखल्याच्या वाडीतून थेट मुंबई? खाली अजून हिरवं आहे, बाई."

"मॅडम, चिकू झाडावर पिकू देत नाहीत," मी म्हणाले. "तयार झाला की तोडतात, पिकतो तो घरात. झाडावर पिकला तो वटवाघळांचा."

"मग वटवाघळांकडूनच शिफारस घे."

मागच्या बाकावरची मुलं हसली. त्याही वर्षी कोणी गेलं नाही. मी पुढे शिकले, ते त्यांना वळसा घालून, उशिरा.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला बाबांनी चिकूची करंडी पाठवली. मॅडमनी एक फळ उचललं, खरवडलं. मी शेजारीच उभी होते. सालीखाली स्वच्छ पिवळं होतं.

"हिरवं आहे," म्हणत त्यांनी ते बाजूला सारलं.

मी ते पर्समध्ये टाकलं, घरी तांदळाच्या डब्यात पुरलं. काही दिवसांनी झाकण उघडताच गुळासारखा वास स्वयंपाकघरभर पसरला. फळ मी एकटीने खाल्लं. बिया खिडकीतून दूर भिरकावल्या.