तीन हिसके

ओल्मेदो बाके पाण्याखाली जेवढा बोलका, तेवढाच जमिनीवर घुमा. खाली गेला की हात, भुवया, मान, सगळं बोलायचं त्याचं. वर आला की मास्क काढायचा, नाक शिंकरायचा आणि सगळ्यांकडे पाठ करून होडीच्या टोकाला बसायचा. पर्यटकांना वाटे, हा खडूस आहे. खडूस तो होताच. पण पुएर्तो लोपेसच्या किनाऱ्यावर मांता दाखवणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता, हेही खरं.

मांता पाकट माशाच्याच जातीची, पण पंख पसरले की होडीहून रुंद. थंड पाण्याच्या दिवसांत मांता जवळच्या ‘ला प्लाता’ बेटाशी येतात आणि खडकावरच्या लहान माशांकडून अंग साफ करून घेतात. हौशी मंडळी मांता दिसली रे दिसली की मागे पोहत सुटतात. ओल्मेदो होडीतच दम भरायचा, "मागे लागलात तर शेपूट बघायला मिळेल. तोंड बघायचं असेल तर गप्प लटकून राहा. आणि कुणी हात लावला, तर त्याला तिथेच सोडून येईन!" खाली तो स्वतः टांगल्यासारखा राही आणि श्वास हळूहळू सोडी. बुडबुडे वर जात आणि मांता वळून येई. बुडबुडे पोटाला लागले की तिला बरं वाटतं. ती पुन्हा पुन्हा वरून जाते, थबकते, एक डोळा वळवून माणसाकडे बघते. पोटावरचे ठिपके प्रत्येकीचे वेगळे, त्यावरून ओल्मेदो चाळीसएक जणींना ओळखे. चार घरं सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला मात्र त्यानं अकरा वर्षांत ओळख दाखवली नव्हती.

थोरला होल्गेर. दोघे भाऊ तेव्हा नळीवर बुड्या मारत. पाठीवर टाकी वगैरे काही नाही. होडीत कंप्रेसर, त्याला लांबलचक नळी, नळीचं टोक दातांत, आणि खालून शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, काढायची. एक जण खाली, दुसरा वर नळी धरून. बोलणं हिसक्यांनी. एक हिसका, नळी सोड. दोन, ठीक आहे. तीन, वर घे. तीन हिसके आले की विचार करायचा नसतो, ओढायचं असतं. विचार करत बसलेल्यांचे भाऊ मेलेले या गावानं पाहिले होते.

त्या सकाळी होल्गेर पंधरा वाव, म्हणजे सत्तावीसएक मीटर, खालून तिसऱ्यांदा वर आला आणि पायांना मुंग्या आल्या म्हणाला. नळीवाल्यांना हे दुखणं नवं नव्हतं. फार वेळ खोल राहून भरकन वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात. डॉक्टरांचा उपाय म्हणजे शहरातली दाबाची खोली, चार तासांवर. नळीवाल्यांचा उपाय म्हणजे परत खाली जायचं, मध्यावर लटकून राहायचं, बुडबुडे विरले की इंचाइंचानं वर यायचं. कुणी बरं होई, कुणी नाही.

"सोड मला परत," होल्गेर म्हणाला. "दोन तास. तोवर नळीला हात लावायचा नाही. मी सांगेन तेव्हाच घे."

चाळीस मिनिटं झाली असतील. ओल्मेदोच्या मुठीत नळीला हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा. त्यानं जीव खाऊन ओढलं. होल्गेर वर आला तो पुरता शुद्धीवर, आणि तोंडातून नळी काढून पहिलं वाक्य बोलला ते, "का ओढलंस?" पुढच्या चार-पाच मिनिटांत त्याचे पाय गेले ते कायमचे.

"मी हिसके दिलेच नाहीत," होल्गेर सांगे. "तीन आले," ओल्मेदो म्हणे. गावानं निवाडा केला. निवाडा करायला गावाचं काय जातं? बुडबुडे डोक्यातही शिरतात, होल्गेरला आठवत नसणार, मिटला विषय. ओल्मेदोला ते सोयीचंच होतं. एका बारशाच्या पंगतीत, सगळ्यांदेखत, तो बोलून गेला, "दादा, तुझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं." होल्गेरनं पुढ्यातली ताटली त्याच्या अंगावर फेकली. तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या ऑगस्टमध्ये ओल्मेदो तिघा पर्यटकांना घेऊन बेटाशी उतरला होता. वर यायच्या आधी दोरीला बांधलेला केशरी फुगा वर सोडतात, म्हणजे खाली माणसं आहेत हे होड्यांना कळतं. ती दोरी नेहमी त्याचा जोडीदार धरी. त्या दिवशी जोडीदार तापानं घरी होता, म्हणून दोरी ओल्मेदोच्या हातात होती. सगळे पाच मीटर खोलीवर स्थिर लटकून होते. खालच्या गढूळ हिरव्या पाण्यातून एक काळी मांता बुडबुड्यांच्या रोखानं आली आणि वरून सरकताना दोरी तिच्या तोंडाजवळच्या शिंगासारख्या पंखात अडकली. मांतेला मागे सरता येत नाही. तिनं डोकं झटकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग दोरी सुटली आणि ती पुन्हा वळून बुडबुड्यांवर आली.

मुठीला आधी कळलं. तोच जोर, तेवढंच मधलं अंतर. त्या सकाळी दादाही नळीवर असाच न हलता लटकला होता, सावकाश बुडबुडे सोडत. मांतेला याहून आवडीचं काय असतं? हेच तर तो वर्षानुवर्षं पर्यटकांना शिकवत आला होता. एका पर्यटक बाईनं त्याचा दंड हलवून टाकीतल्या हवेचा काटा दाखवला, तेव्हा कुठे त्याला वर जायचं आठवलं.

तीन दिवसांनी, रविवारी दुपारी, तो चार घरं ओलांडून गेला. दारात वहिनी, हासिंता, केळी सोलत बसली होती.

"वाट चुकलात काय भावजी?"

"दादा आहे?"

"नसायला तो जाणार कुठे?"

होल्गेर खुर्चीत बसून जाळं सांधत होता. खांदे अजून बैलासारखे, आणि खाली लुंगीत दोन काटक्या. खोलीत पाठीच्या जखमांना लावायच्या मलमाचा वास होता. ओल्मेदोनं उभ्यानंच सगळं सांगितलं. फुगा, दोरी, काळी मांता. "तू हिसके दिले नव्हतेस, दादा. तू खरं बोलत होतास. मी सगळ्यांसमोर तुला वेडा ठरवलं." त्याचा आवाज फुटला आणि तो रडला, लाज न बाळगता.

होल्गेरनं सुई खाली ठेवली.

"पाच वर्षं तुला शिव्या दिल्या मी," तो म्हणाला. "मग दमलो. सारखं वाटायचं, आपण नाही तर कोण? दुसरं होतंच कोण तिथे? म्हटलं, दिले असतील मीच. भीती वाटली असेल, दिले असतील. रोज सांगून सांगून मनाला पटवलं. पटल्यावर झोप लागायला लागली. आपल्या हातानं केलं, आपण भोगतोय, बास."

"दादा..."

"आणि आता तू येऊन सांगतोस, मी काही केलंच नव्हतं. गप्प लटकायचं होतं, गप्पच लटकलो होतो. अजून तासभर मिळाला असता तर कदाचित चाललो असतो."

"माझी चूक झाली. मला मार, काही कर."

"तुझी कसली चूक? तीन आले, तू ओढलंस. मीही ओढलं असतं. मग सांग ना रे, मी आता रागवायचं कुणावर? माशावर?"

होल्गेरनं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि सुई पुन्हा उचलली.

हासिंता दारापर्यंत आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमचं ओझं उतरलं, भावजी," ती म्हणाली. "आता घरी जा. आणि परत येऊ नका."