बटनांचे पाय

बातमी आली तेव्हा मी दिग्रसच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. फोन निर्मलाकाकूंचा. "पोरी, तुहे काका गेले... चहा घेतला, अन् बसल्या जागीच." हातातला गठ्ठा तिथल्याच बाकावर टाकला आणि यवतमाळची गाडी पकडली. तिथून बाभुळगाव. अंत्ययात्रेत माझ्या मागे एक जण म्हणाला, "टायपिस्ट होता बिचारा." शालिककाका बिचारे नव्हते. मी वळून सुनावणारच होते, पण काकूंनी हात घट्ट धरला. आता सव्वा महिना झाला आहे, म्हणून इथे सांगते.

तहसीलबाहेरच्या टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. आधी टाइपरायटर, पुढे कॉम्प्युटर. निराधार योजना, वारसनोंद, रेशनकार्ड... समोरची बाई रडत, अडखळत सांगायची आणि काका ऐकता ऐकता थेट अर्ज टाइप करायचे. मी पहिल्यांदा गेले ती मोर्च्याच्या पत्रकाचा मजकूर घेऊन. त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच म्हणाले, "तू लिवतं का भांडतं वं? त्या बटनाचं काय चुकलं?" आमची ओळख झाली ती अशी. महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी कीबोर्ड बनवला. हो, बनवला. हा माणूस व्हिडिओ बघून सुटे स्विच कुरिअरने मागवायचा आणि घरी सोल्डरिंगचे टाके मारून कीबोर्ड जोडायचा.

त्यांनी मला समजावलेलं सांगते. प्रत्येक बटनाखाली एक स्विच असतो, आणि तो बसवायच्या दोन तऱ्हा. एक, तो लोखंडी पत्र्याच्या चौकोनी भोकात अडकवायचा. पत्रा हलत नाही, बोट खाली आपटलं की मार तसाच बोटात परत येतो. दुसरी, पत्राच नाही, स्विच सरळ सर्किटच्या पाटीवर उभा. पाटी जराशी लवते, मार कमी लागतो. पण आधाराला पत्रा नसला की स्विच वाकडा होतो, म्हणून त्याला प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतात, पाटीत रुतायला. "तुले पत्राच पायजे," ते म्हणाले, "तू मारकी हाय." माझ्या पाटीत त्या जादा पायांना भोकं नव्हती. मग दोघांनी बसून नेलकटरने सगळे पाय कापले. मला ते काम फार आवडलं.

एव्हाना त्यांची स्वतःची बोटं सुजायला लागली होती. संधिवात. यवतमाळच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला, टायपिंग सोडा. ज्या हातांनी अर्ध्या तालुक्याचे अर्ज लिहिले, त्यांच्यासाठी एवढंच? मी तणतणत होते, पत्रक काढू म्हणत होते. काका म्हणाले, "पत्रकानं सूज उतरते काय?" मग हळूच म्हणाले, "मले बसून खाची लाज नाही वं. पण ते बाया मले सांगतेत, त्या बाजूच्या टेबलावरच्या पोट्ट्याइले नाही सांगत." त्यांना टेबल सोडायचं नव्हतं, बस. म्हणून बिनपत्र्याचा, मऊ कीबोर्ड ते स्वतःसाठी जोडणार होते. स्विच यायलाच महिना गेला.

पार्सल आलं त्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले होते. मला वाटलं, मदत करावी. ओसरीत बसून मी सत्तर-एक स्विचचे जादा पाय कापले, वाटीत जमा केले, आणि काका आल्यावर वाटी पुढे केली.

"काय केलं वं हे?"

"कापले. सगळे. तुमचं काम वाचवलं."

त्यांनी वाटीशेजारी आपली पाटी ठेवली, जादा पायांसाठीच्या भोकांवर बोट टेकवलं... आणि मला कळलं. यांना पत्रा नव्हता. यांना तेच पाय हवे होते. मी रडकुंडीला आले. परत मागवायचे तर पुन्हा महिना, आणि त्यांची उजवी करंगळी तर आताच वळत नव्हती. काका एकदम हसायला लागले. आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "निर्मला, पाह्य वं! हे पोरगी सरकारचे पाय कापतो म्हणे, अन् कापले माह्या बटनाचे!"

काकू म्हणाल्या, "मंग? तिच्या हाती नेलकटर कोनं देल्लं होतं?"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन यवतमाळला नेमप्लेटवाल्याकडे गेले. त्याच्याकडून लोखंडाऐवजी पातळ ॲक्रिलिकचा पत्रा भोकांसकट कापून घेतला. पाय नसलेले स्विच त्यात नीट धरले गेले. पण पत्रा खोक्याला आवळला असता तर मार पुन्हा बोटात आला असता. काकांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "काढ ते चप्पल. तशीही मोर्च्यात झिजली." तिच्या रबराच्या पट्ट्या कापून त्यांनी पत्रा वर-खालून त्यांच्यात तरंगता ठेवला. बटन दाबलं की सगळा पत्रा इवलासा खाली जायचा, उशीवर हात ठेवावा तसा. मी अनवाणीच घरी गेले.

त्या कीबोर्डवर त्यांनी टेबल आणखी अकरा महिने चालवलं. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. शेवटचा अर्ज एका आजीच्या निराधार योजनेचा होता. तो मंजूर झालेला नाही. त्याच्यामागे मी लागले आहे, संबंधितांनी वाचून घ्यावं.

परवा काकूंकडे गेले तर त्यांनी कीबोर्ड काढून दिला. हा लेख त्यांच्याच घरी बसून लिहिते आहे. लिहिताना उजवीकडची अक्षरं सारखी दोनदोनदा उमटायला लागली. बटनं काढून खालचे स्विच एकेक दाबून पाहिले. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाखालच्या स्विचमध्ये काकांनी वेगळ्या स्प्रिंगा घातल्या होत्या, अगदी हलक्या, नुसत्या स्पर्शानं दबणाऱ्या. मला कधी बोलले नाहीत. दुखणं इतकं वाढलं होतं तर... मी बटनं जशीच्या तशी परत बसवली आणि पुन्हा टाइप करू लागले, माझ्या सवयीनं.

चुलीजवळून काकूंचा आवाज आला, "हळू ठोक वं माय... त्याइची करंगळी दुखते."