मागच्या टोकाची केबिन

आमच्या वसईच्या पाचूबंदरात कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून भांडी घासायला जायचे. किल्ल्यात कुणाला बाई दिसली, खाडीत कुणाला दिवा दिसला... मी विचारायचे, आधी किती घेतली होती ते सांगा. पुढे आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे तर असल्या गोष्टींची मला चीडच. आता नव्वदी ओलांडली तरी स्वभाव तोच आहे. पण या सदरातले अनुभव वाचून माझी मुलगी रोझ मागे लागली – मम्मी, बोटीचं लिही. म्हणून लिहितेय. जे झालं तेवढंच लिहीन, मीठमसाला लावणार नाही.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझे यजमान आंतोन मोंबासाला एका कचेरीत कारकून होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते एकटेच तिकडे गेले, मी माहेरी पाचूबंदरला. माझे बाबा दुमिंग तांडेल – तांडेल म्हणजे मचव्याचा, मासेमारीच्या होडीचा प्रमुख, सुकाणूवर बसणारा. बंदरातली माणसं त्यांना विचारल्याशिवाय वाऱ्याबद्दल बोलत नसत. उंच, काळेभोर, कमी बोलणारे आणि हट्टी. इतके हट्टी की आय म्हणायची, यांच्याशी भांडण्यापेक्षा भरतीशी भांडलेलं बरं.

मला सहावा महिना होता. याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं, दोन्ही वेळा सहाव्याच महिन्यात. वसईतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धक्के बसता कामा नयेत, जास्तीत जास्त आडवं राहायचं, हेही गेलं तर पुढचं मी सांगू शकत नाही. आणि नेमकी मोंबासाला जायच्या माझ्या परमिटची मुदत संपत आलेली. ती चुकली तर दुसरं कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणजे जुलैत, ऐन पावसाळ्यात, नऊ दिवसांचा समुद्र. आय रोज रोझरी म्हणताना रडायची. मी रडत नव्हते, पण जीव टांगणीला लागला होता माझाही.

तिकीट काढायला बाबा स्वतः आले. वसई रोडपर्यंत टांगा आणि पुढे मुंबई, फोर्टातली एजंटची कचेरी. कारकून गोव्याकडचा, भला माणूस. माझ्याकडे एकदा बघितलं आणि न विचारता त्याला सगळं समजलं. टेबलावर बोटीचा मोठा नकाशा पसरला आणि एका चौकोनावर पेन्सिल ठेवली.

"काका, ही घ्या. खालचा डेक, बरोबर मधोमध. बोट पुढून-मागून उचलली जाते, मध्ये सगळ्यात कमी हलते. बाईंना हीच बरी."

मला लगेच पटलं. फळीच्या मध्याखाली दगड ठेवून दोन टोकांना दोन पोरं बसली की मधलं पोर जागच्या जागी राहतं – सोपं गणित आहे. पण बाबांनी नकाशावरून बोट सरकवत सरकवत पार मागच्या टोकाला नेलं.

"ही दे."

"काका, ती सगळ्यात वाईट. भाडं तेच आहे, मग ती कशाला? तिथे खाली मशीनचा पंखा पाणी कापतो. दात वाजतात माणसाचे."

"मना नको शिकवू. चाळीस वर्सं पानी बघतोय. दोन जिवांची बाई कुठं बसवतात? मागं, तांडेलाच्या पायाशी."

हे आमच्याकडे खरंच होतं. बाळंतपणासाठी किंवा दवाखान्यासाठी एखादीला मचव्यातून खाडीपलीकडे न्यायची झाली, तर तिला मागेच बसवायची. तिथे पाणी उडत नाही, आणि तांडेलाचा एक हात सुकाणूवर असला तरी डोळा तिच्यावर असतो. अख्ख्या बंदराची रीत होती ती. पण ती शिडाच्या मचव्याची रीत...

कारकुनाने हात जोडले. "काका, बोटीचा कप्तान मागे नसतो. पुढे, वर असतो."

बाबांनी जरा विचार केला. म्हणाले, "मंग तो चुकीच्या जागी बसतो."

कचेरीतली सगळी माणसं हसली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. राग तर असा आला होता! पण परक्या चारचौघांत बाबांचा शब्द मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. घेतली मागची केबिन. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

सोमवारी सकाळी बोट सुटली. बाबा धक्क्यावर उभे होते, छत्री मिटलेली, भिजत. बोटीच्या मागे पाणी घुसळून पांढरं झालं तेव्हा ते खाली वाकून त्या पाण्याकडे बघत राहिले. माझ्याकडे हातसुद्धा हलवला नाही. मला वाटलं, रागावलेत.

केबिनमध्ये माझ्याबरोबर जामनगरच्या सविताबेन होत्या. पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या, तोंडाने फटकळ. मुलाकडे मोंबासाला चालल्या होत्या. "मागचा डब्बा दिला मला मेल्यांनी," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि लोणच्याच्या बरण्यांभोवती साड्या गुंडाळायला घेतल्या. मीही बर्थवर आडवी झाले, दोन्ही हात पोटावर ठेवून, आणि वाट बघत राहिले. आता धक्के सुरू होतील, आता होतील.

ते सुरू झालेच नाहीत.

दिवसभर बोट बंदराच्या तोंडाशीच रेंगाळली होती, म्हणून मला वाटलं ती अजून संथ पाण्यात असेल. दिवे लागल्यावर स्टुअर्ड चहा घेऊन आला. तो बाहेरच्या पॅसेजमधून भिंत धरत धरत येत होता, ट्रेमधल्या कपबशा दातांसारख्या वाजत होत्या. त्याने आमच्या दारातून पाय आत टाकला आणि कपबशा गप्प झाल्या. तो थांबला. एक पाय मागे घेतला – वाजल्या. आत टाकला – गप्प. त्याने छातीवर क्रूस काढला, चहा ठेवला आणि गेला.

बुधवारपासून समुद्र खवळला. बोट पुढून इतकी खाली जायची की मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता फिरायचा आणि सगळी बोट थडथडायची. शेजारच्या केबिनीत पेट्या या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होत्या, माणसं ओकून ओकून पिवळी पडली होती. आणि आमच्याकडे सविताबेन जमिनीवर मांडी घालून लसूण सोलत होत्या. आवाज सगळे ऐकू यायचे हो, पंख्याचा, लाटांचा, शेजारच्यांच्या कण्हण्याचा. पण जमीन हलायची नाही. मी तांब्या काठोकाठ भरून खिडकीखाली ठेवला होता. गणिती डोक्याची सवय, खात्री केल्याशिवाय विश्वास बसत नाही. एक थेंब सांडला नाही.

गुरुवारी बोटीचा गोरा इंजिनियर आला. स्टुअर्डनेच सांगितलं असणार. चांगला साठीचा माणूस, हात तेलाने काळे. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि जमिनीवर उभी ठेवली. ती उभी राहिली. तो गुडघ्यावर बसून पाच मिनिटं नुसता बघत होता. मग जमिनीला हात लावला, भिंतीला लावला, कान लावून ऐकलं. उठला तेव्हा टोपी काढून हातात घेतली होती.

"ही केबिन तुम्हाला कुणी निवडून दिली?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

"ते बोटी बांधतात?"

"नाही. ते मासे पकडतात."

तो म्हणाला, तीस वर्षं बोटीवर आहे, कुठल्याच बोटीत याहून चांगली केबिन पाहिली नाही, आणि हे का होतंय ते मला समजत नाही. तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाने सरळ कबूल केलं, याचंच मला त्या वेळी फार कौतुक वाटलं. मग बोटभर बातमी झाली. आया आपली आजारी पोरं उचलून आणायला लागल्या. सविताबेनने दाराशी ठाण मांडलं – चपला बाहेर, मोठ्या माणसांनी आत थांबायचं नाही, ओकायचं असेल तर आधी ओकून या. अकरा पोरं आमच्या जमिनीवर ओळीने झोपली होती. पहिल्या वर्गातली एक बाई तिप्पट भाडं देते म्हणाली, तिला सविताबेनने असं उत्तर दिलं की ती पुन्हा फिरकली नाही. आणि मी बर्थवर पडून मनातल्या मनात बाबांना हजारदा म्हणत होते, बाबा, तुम्हीच खरे, मी मूर्ख.

मग शुक्रवार आला. दुपारची वेळ, पोरं आपापल्या आयांकडे जेवायला गेलेली, सविताबेन डेकवर. एकाएकी माझा बर्थ खालून कुणीतरी लाथ मारावी तसा उडाला. तांब्या आडवा झाला. जमीन, भिंती, दार, सगळं थडथडायला लागलं, माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. कारकून म्हणाला होता तेच, अगदी तसंच. दुसऱ्या की तिसऱ्या धक्क्याला पोटात कळ आली. ती कळ माझ्या ओळखीची होती. आधी दोनदा ती अशीच आली होती.

मी हाकासुद्धा मारू शकले नाही. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बर्थची कड धरली आणि रडत राहिले. अर्धा तास गेला असेल, कदाचित थोडा जास्त. आणि जसं सुरू झालं तसंच एका क्षणात थांबलं. जमीन पुन्हा गप्प. कळही हळूहळू ओसरली. मी उठून सांडलेलं पाणी पुसलं, तांब्या परत भरून ठेवला. सविताबेन आल्या तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. बोलले तर ते पुन्हा सुरू होईल असं वाटलं मला, पुढे गणिताची बाई झालेल्या मला. पुढे आंतोननाही सांगितलं नाही, पत्रातही कधी लिहिलं नाही. तो अर्धा-पाऊण तास मी माझ्याकडेच ठेवला.

पुढच्या बुधवारी मोंबासा लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी रोझ झाली, पावणेसात पौंडांची, ठणठणीत.

चार वर्षांनी रोझला घेऊन मी पहिल्यांदा पाचूबंदरला आले. बाबांना मी पत्राने, तो शुक्रवार सोडून, केबिनीची सगळी हकीकत कळवली होती, इंजिनियरच्या टोपीसकट. मला वाटलं होतं, ते सगळ्या बंदराला वाचून दाखवतील. आय म्हणाली, कुणाला दाखवलं नाही.

"तुला सोडून आले ते तोंड पाडून आले," आय सांगायला लागली. "म्हनाले, मी पोरीला चुकीच्या जागी निजवली. मशीनच्या तोंडावर. ते पांढरं पानी बगितलं आनि मना कललं. जेवले नाय. आनि मंग काय केलं ठाव हाय?"

पावसाळ्यात आमचे मचवे वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकलेले असतात. सुकाणू काढून घरात ठेवतात. नवा हंगाम सुरू होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, लावला तर अपशकुन मानतात. बाबांनी ते घरातून उचलून नेलं, भर पावसात वाळूवरच्या मचव्याला लावलं आणि दांडा धरून बसले. सोमवार संध्याकाळपासून. जेवण तिथेच, झोप अशी नाहीच. माणसं हसायला यायची. दुमिंग, कुठं निघाला? बाबा दांडा सोडायचे नाहीत. फादर येऊन समजावून गेले. नऊ दिवस! आणि आय म्हणाली, सुक्या वाळूवरचं सुकाणू, त्याला ना पाणी ना ओढ... तरी यांचे तळहात सोलून रक्त यायचं. चाळीस वर्षं घट्टे पडलेले तळहात.

मी ऐकत होते. ओटीवर बाबा रोझला मांडीवर घेऊन बसले होते, ती त्यांच्या मिशा ओढत होती. मी जाऊन जवळ बसले. रोझच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"शुक्रवारी मना ताप चढला. तुज्या आयशीनं चौगांकडून उचलून घरी आनला. सोडत नव्हते मना. मारामारी करून परत जायला अर्दा तास गेला..." मग त्यांनी मान वर केली. "लय दुखलं का गो तवा?"

त्या शुक्रवारबद्दल जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मी वडिलांकडे बघितलं. चार वर्षं हा माणूस हा प्रश्न छातीवर घेऊन जगला होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "शुक्रवारी तर मी दिवसभर झोपले होते."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि रोझला उचलून बंदरावर घेऊन गेले.

इंजिनियरला कळलं नाही, मला आजवर कळलेलं नाही, आणि कुणाला स्पष्टीकरण सुचत असेल तर मला ते आता नकोही आहे. वडिलांशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि त्यांनी ते खरं मानलं की नाही, हेही मला माहीत नाही.